कचरागाडीचं चाक आणि माझी दहावी

हळ्ळीखेडला ग्रामपंचायतीची कचऱ्याची गाडी मी चालवते. सकाळी गावातून फिरताना गाडीवरच्या भोंग्यात कानडी गाणं लागलेलं असतं, ओला कचरा वेगळा ठेवा, सुका वेगळा ठेवा. त्या गाण्याआधी लोकांना माझा हॉर्न ओळखू येतो. दोनदा छोटा, एकदा लांब. गल्लीच्या तोंडाशी तो वाजला की बाया बादल्या घेऊन बाहेर येतात आणि म्हणतात, "अक्का आली."

गाडी शिकायला बचतगटातून नावं मागवली तेव्हा आमच्या गटातल्या बाया एकमेकींकडं बघत बसल्या होत्या. मी हात वर केला. घरी सांगितल्यावर हे तुरीला पाणी द्यायला निघून गेले. सासूबाई मात्र बोलल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो.

"बैलगाडी हाकलीस व्हय कधी?"

"न्हाई."

"मग मोटार कशी हाकणार?"

"बैल नसतेत ना तिला," मी म्हटलं.

त्या हसल्या. तेवढ्यावर घरची परवानगी मिळाली. महिनाभर बीदरला जाऊन शिकले, लायसन काढलं, आणि पंचायतीसमोर हळद-कुंकू लावलेली नवी गाडी माझ्या ताब्यात आली. कचरा उचलून टाकायला माझ्यासोबत आपा आहे. आपा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, दखनी बोलते, तोंडात कायम पान. मी मराठीत बोलते, ती दखनीत बोलते, पंचायतीत गेलो की दोघी कानडीत बोलतो. आमचं आजवर कधी अडलं नाही.

अडलं ते माझ्या मनात. मी खजुरीची. आळंद तालुक्यात, महाराष्ट्राच्या शिवेला लागून आमचं गाव. नववी झाली आणि आई आजारी पडली. मी थोरली, पाठीमागं तीन लहान. शाळा सुटली ती सुटलीच. कुणी बळजबरीनं सोडवली नाही, कुणी पुन्हा घालतोही म्हणालं नाही. पुढं लग्न झालं, हळ्ळीखेडला आले, मुलगी झाली. ती मुलगी आता बीदरला डिप्लोमाला आहे, मैलूरमध्ये मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहते. तिच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात हात घातला की मला वाटायचं, हे सगळं माझ्या दारावरून गेलं आणि मी कवाड उघडलंच नाही.

एका रविवारी ती घरी आली होती. तिला म्हटलं, "मला दहावीचा फॉर्म भरून दे."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

तिनं मोबाइल बाजूला ठेवला. "आई, खरंच करायलीस का?"

"व्हय. खाजगी विद्यार्थी म्हणून बसता येतं ना? मराठीतनं देता येतं ना? मग बसते."

मराठी, कानडी, समाजशास्त्र हे मी माझं माझं वाचलं. दुपारी गाडी धुऊन लावली की घरी येऊन जेवायचं आणि पुस्तक घेऊन बसायचं. विज्ञानही कसंबसं डोक्यात शिरलं. गणितापाशी मात्र गाडी थांबली. नववी सुटून पंचवीस वर्षं होत आली होती, बेरीज-वजाबाकी सोडली तर हाताला काही लागत नव्हतं. मुलगी दर रविवारी यायची आणि शिकवायची. ती चांगली शिकवते, पण भराभर. तिच्या डोक्यातलं माझ्या डोक्यात यायला वेळ लागतो हे तिच्या ध्यानात येत नसे, आणि मीही मान डोलवत राही.

वर्तुळाचा धडा लागला त्या दिवशी तिनं एक गणित घातलं. एका गाडीच्या चाकाचा व्यास सत्तर सेंटिमीटर आहे. गाडी ताशी तेहतीस किलोमीटर वेगानं बारा मिनिटं धावली. तर चाकाचे किती फेरे झाले?

मला आनंद झाला. गाडी, चाक, वेग, हे तर माझं रोजचं. मुलगी चहा ठेवायला आत गेली तेवढ्यात मी मांडून टाकलं. व्यास सत्तर, त्याला बावीस सप्तमांशानं गुणलं, परीघ आला दोनशे वीस. वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर, हे तिनं शिकवलंच होतं. तेहतीस गुणिले बारा, तीनशे शहाण्णव. त्याला दोनशे वीसनं भागलं. उत्तर आलं एक पूर्णांक आठ दशांश. दोन वेळा तपासलं. भागाकार बरोबर होता. खाली दोन रेघा मारून मी उत्तर चौकटीत टाकलं.

मुलगी चहा घेऊन आली, तिनं वहीकडं बघितलं आणि ती काही बोलायच्या आतच मी स्वतःच त्या चौकटीकडं बघत राहिले. काहीतरी टोचत होतं.

मी म्हटलं, "थांब. सांगू नकोस."

बारा मिनिटं. म्हणजे आमच्या गावापासून फाट्यापर्यंत जाऊन पुढंही थोडं. तेवढं मी गाडी पळवली, आणि चाक दोन वेळासुद्धा पुरतं फिरलं नाही? माझी गाडी अंगणातून रस्त्यावर घ्यायची म्हटली तरी चाक याहून जास्त फिरतं.

मी हसायला लागले. मुलीलाही हसू आलं, चहा सांडला. आत्याबाई बाहेरून म्हणाल्या, "कामून हसायल्यात गं मायलेकी?"

"आत्याबाई, मी गाडी बारा मिनिटं पळवली आणि गाडी अंगणातच हाय!"

मुलगी म्हणाली, "आई, तुझा गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर. पण वेग कशात दिलाय बघ. तासाला. वेळ कशात?"

"मिनिटात."

"अंतर कशात येणार?"

"किलोमीटरात."

"आणि चाक?"

"सेंटिमीटरात." माझ्या ध्यानात आलं. "म्हणजे एकाला ज्वारी पायलीनं मापली, दुसऱ्याला किलोनं, आणि दोघांचा हिशेब एकात घातला."

"बरोबर! आधी सगळ्यांना एका मापात आण."

मी आणलं. बारा मिनिटं म्हणजे तासाचा पाचवा हिस्सा. तेहतीसचा पाचवा हिस्सा सहा पूर्णांक सहा किलोमीटर. त्याचे मीटर केले, मीटरचे सेंटिमीटर केले, सहा लाख साठ हजार. भागिले दोनशे वीस. उत्तर आलं तीन हजार, पुरते तीन हजार, मागं बाकी काही नाही.

तीन हजार फेरे. हे उत्तर माझ्या मनाला पटलं. तरी पुस्तकातलं चाक ते पुस्तकातलं. मला वाटलं, माझ्या चाकाचं काय?

पुढच्या रविवारी कचरा पंचायतीच्या शेडवर उतरवून, गाडी धुऊन झाल्यावर मी आपाला थांबवून घेतलं. मुलगी स्कूटी घेऊन आली होती. शिवणाची टेप जमिनीपासून पुढच्या टायरच्या माथ्यापर्यंत उभी धरली. साडेबावन्न सेंटिमीटर भरलं. मुलीनं परीघ काढायला मोबाइल हातात घेतला तोवर मी शेडच्या भिंतीवर खडूनं काढूनही टाकला, एकशे पासष्ट सेंटिमीटर. म्हणजे चाक एकदा फिरलं की गाडी एक मीटर पासष्ट सेंटिमीटर पुढं जाते.

आपा पान चघळत बघत होती. "क्या चलरा ये?"

"चाकाचे फेरे मोजायचेत आपा. तू मोजशील?"

"मैं? गिनती तो आती मेरेकू. कायकू गिनना पन?"

"माझ्या परीक्षेसाठी."

"परीक्षा के वास्ते तो गिनती," ती म्हणाली, आणि पानाच्या डबीतला चुना बोटावर घेऊन तिनं टायरवर ठळक पांढरी रेघ ओढली. ही खूण तिचीच कल्पना. आम्ही मायलेकी तोवर कापड बांधायचं की काय यावर बोलत होतो.

ठरलं असं की मी शेडच्या सरळ रस्त्यावर वेगाची सुई दहावर धरून गाडी न्यायची, मुलीनं शेजारून स्कूटी चालवायची, आणि मागं बसून आपानं चुन्याची रेघ मोजायची. एक मिनिट झालं की मोबाइल वाजणार. हिशेबानं ताशी दहा किलोमीटर म्हणजे मिनिटाला एकशे सहासष्ट मीटर आणि वर थोडं. फेरे यायला हवेत एकशे एक.

गाडी दहावर आली. दहावर एकसारखी गाडी धरणं हे साठवर चालवण्यापेक्षा अवघड असतं, चालवणाऱ्याला विचारा. मी सुईवरून डोळे हलवले नाहीत. शेजारून आपाचा आवाज येत होता, दहा मोजले की एक बोट मिटायची आणि पुन्हा एकपासून सुरू. मोबाइल वाजला. मी थांबले. आपाची नऊ बोटं मिटलेली होती आणि वर तीन.

"त्र्याण्णव," मुलगी म्हणाली.

"एकशे एक यायला पायजे होते."

"मेरी गिनती बराबर है," आपा लगेच म्हणाली.

पुन्हा केलं. पुन्हा तेवढेच, एखादा इकडंतिकडं. मुलगी म्हणाली, "आई, असू दे. एवढा फरक पडतोच." पण माझं मन मानेना. पुस्तकातल्या चाकाचं उत्तर पुरतं तीन हजार येतं आणि माझ्या चाकाचं आठानं कमी? माझी गाडी काय पुस्तकाबाहेरची आहे? परत येताना ते आठ फेरे डोक्यातून जाईनात. आपा म्हणाली, "मुँह कायकू उतरारी?" मी म्हटलं, "विचार करायलेय."

विचार करायला मला गाडी चालवताना बरं पडतं. दुसऱ्या दिवशी फेरीत असताना एकेक गोष्ट मी मनात बाजूला काढून बघितली. आपाची गिनती पक्की होती, दोनदा तीच आली. मिनिट मोबाइलचं, ते चुकणार नाही. चाक मी स्वतः मापलं. राहिला वेग. वेग मला कोण सांगत होतं? सुई. आणि सुई खरं बोलते असं मला कुणी सांगितलं होतं? तिचा आणि मापलेल्या रस्त्याचा कधी सामना झालाच नव्हता.

मग मला सुचलं. वेग आणि वेळ या दोन्ही गोष्टी शेवटी अंतर काढायलाच लागतात. मापलेलं अंतरच मिळालं तर सुईची गरजच काय? आणि मापलेलं अंतर गावात होतं. हायस्कूलच्या मैदानावर तालुक्याच्या खेळांसाठी चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. शंभर मीटर.

खेळाच्या सरांना कानडीत विचारलं. ते आधी कचकच करायला लागले, गाडीनं धावपट्टी उखडेल म्हणून. मी म्हटलं, "सर, रेघेच्या बाहेरून चालवते. तुमच्या चुन्याला धक्का लागला तर मी स्वतः येऊन मारून देते." ते हो म्हणाले, आणि नंतर स्वतःच शिट्टी घेऊन उभे राहिले.

त्या रविवारी मैदानावर पोरी खो-खोच्या सरावाला आल्या होत्या. कचऱ्याची गाडी मैदानात शिरली तशा त्या नाक दाबून पळाल्या. गाडी धुतलेली होती, मला राग आला. चुन्याची रेघ टायरच्या अगदी तळाला येईल अशी गाडी सुरुवातीच्या रेघेवर उभी केली. आपा चाकाशेजारी, पदर खोचून. मुलगी दुसऱ्या टोकाला. शंभर मीटर भागिले एक मीटर पासष्ट. साठ फेरे पुरते, आणि एकसष्टावा अर्ध्याहून थोडा जास्त. हे मी आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं, पण आपाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं माझ्या प्रेमापोटी साठच मोजले असते.

सरांनी शिट्टी दिली. पहिल्या गिअरमध्ये गाडी सरकू लागली. आपा शेजारून चालत होती, मोठ्यानं मोजत. "एक. दो. तीन." मैदान अर्धं झालं तशा पळालेल्या पोरी परत आल्या आणि आपाच्या मागून चालायला लागल्या. मग त्याही मोजायला लागल्या. कुणी मराठीत, कुणी कानडीत. चाळीस झाले, पन्नास झाले. स्टिअरिंग सरळ धरायचं एवढंच माझ्या हातात होतं.

"अठ्ठावन. उनसठ. साठ!"

पुढचं टायर शेवटच्या रेघेवर आलं आणि मुलीनं हात वर केला. मी ब्रेक दाबला, उडी मारून खाली उतरले. चुन्याची रेघ तळ सोडून वर गेली होती, माथा ओलांडून पुढच्या बाजूला उतरायला लागली होती. साठ पुरे. वर अर्ध्याहून थोडं जास्त.

मी त्या चाकाकडं बघत उभी राहिले. कागदावर जे मी काढलं होतं ते जमिनीवर तसंच्या तसं घडलं होतं. माझ्या गाडीनं, माझ्या हातानं. नववी सुटलेल्या बाईच्या भागाकाराला रबराचं चाक हो म्हणालं होतं. मला इतकं मोठं झाल्यासारखं लायसन मिळालं तेव्हाही वाटलं नव्हतं.

आपानं विचारलं, "बराबर आया?"

"बराबर आलं आपा. अगदी बराबर."

"मैं बोली थी मेरी गिनती पक्की है," ती म्हणाली आणि पोरींना दरडावलं, "अब नाक नक्को दबाओ. गिनती सिकाई ये गाडी तुमकू."

मग मी उलटा हिशेब केला. मिनिटाला त्र्याण्णव फेरे, एका फेऱ्याला एक मीटर पासष्ट. म्हणजे गाडी तासाला सव्वानऊच्या आसपास धावत होती आणि सुई दहा दाखवत होती. मुलीनं कॉलेजात विचारलं, तर गाड्यांचे काटे थोडा जास्तच वेग दाखवतात, चालवणाऱ्यानं हद्दीत राहावं म्हणून, असं तिच्या सरांनी सांगितलं. ती फोनवर म्हणाली, "आई, तू हे गाडीत बसून ओळखलंस! मला सुचलं न्हाई." लेकीकडून असं ऐकायला मिळणं ही काय चीज असते ते मी सांगू शकत नाही. मी नुसतं "बरं, जेवलीस का" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर आरशात बघून हसले.

त्यानंतर गणिताची भीती गेली असं म्हणणार नाही, पण तिची खोड मला समजली. उत्तर आलं की मी त्याला विचारायची, तू खरा आहेस का? टाकीत घराएवढं पाणी मावतंय का? माणूस ताशी दोनशे किलोमीटर चालतोय का? खोटं उत्तर असलं की ते आपणहून लाजतं, आपण फक्त त्याच्या तोंडाकडं बघायला हवं.

परीक्षेचं केंद्र हुमनाबादला आलं. पहिल्या दिवशी फाटकावरच्या शिपायानं हात आडवा केला. "पालकांनी बाहेर थांबायचं." मी हॉलतिकीट पुढं केलं. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि बाजूला झाला. वर्गात माझ्या पुढं बसलेली पोर माझ्या मुलीहूनही लहान होती. तिची पेन्सिल खाली पडली, ती मी उचलून दिली, तर ती चुकून म्हणाली, "थँक्यू मॅडम." मी म्हटलं, "मॅडम न्हाई गं. तुझ्यासारखीच हाय."

गणिताच्या पेपरात चाकाचं गणित आलंच नाही. पाइपातून ताशी किलोमीटरनं वाहणारं पाणी आलं, पाइपाचा व्यास सेंटिमीटरात, वेळ मिनिटात. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, ये बाबा, तुला मी ओळखते. आधी सगळ्यांना एका मापात आणलं, मग पुढं गेले. दोन गणितं सुटली नाहीत, ती सोडून दिली. सोडवली ती मात्र विचारून घेतलेली होती.

निकाल लागला तेव्हा मी फेरीवर होते. बाजारपेठेतून गाडी चालली होती, भोंगा चालू होता. मुलीचा फोन आला. भोंग्याच्या आवाजात मला काही ऐकू येईना, म्हणून गाडी बाजूला घेतली.

"आई! पास! गणितात बी पास!"

आपा मागून उतरून खिडकीपाशी आली, माझं तोंड बघून घाबरली. "क्या हुआ? घर में सब ठीक है?"

"पास झाले, आपा."

तिनं खिडकीतून हात घालून भोंग्याचं गाणं बंद केलं. गाडीत सूचना द्यायला माइक आहे, तो आम्ही कधी वापरत नाही. आपानं तो ओढून घेतला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडली, "सुनो सब! हमारी ड्राइवर दसवी पास होगई! हिसाब में बी पास होगई!"

दुकानातली माणसं बाहेर आली. बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बाया बादल्या खाली ठेवून माझ्यापाशी आल्या. हॉटेलवाले अण्णा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. माझ्या हातात हातमोजे होते, म्हणून त्यांनी पेढा स्वतःच माझ्या तोंडात घातला. त्या दिवशी फेरी पुरी व्हायला दुपार झाली, आणि एकानंही तक्रार केली नाही.

घरी आले तर हे शेतातून लवकर येऊन बसले होते. नवं पेन आणून ठेवलं होतं, परीक्षा संपल्यावर. मी ते खिशाला लावून रोज फेरीला जाते. आत्याबाईंनी शेजारणीला बोलावून आणलं होतं. मी ऐकत होते. "न्हाई गं, नुसती गाडी हाकत न्हाई आमची. चाक किती फिरलं त्ये बी कागदावर काढून देतीया. मैदानात मापून बघितलं, सगळ्या गावानं बघितलं." सगळ्या गावानं नव्हतं बघितलं, पण मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

आठवडा गेला असेल. गाडी धूत होतो. आपा पाइप बाजूला ठेवून म्हणाली, "मैं तो चौथी तक पढ़ी. मेरेकू कित्ते साल लगते दसवी कू?"

"लागतील आपा. पण मोजणी तुझी माझ्याहून पक्की हाय."

"हौ ना," ती म्हणाली. "तो सिका फिर. आज से."

आम्ही शेडच्या सावलीत बसलो. मी खडू घेतला आणि भिंतीवर एक मोठं वर्तुळ काढलं.